पकडलेल्या माणसाला नेणार कुठे? युद्धानंतरच्या पोलीसकामात सैन्य कुठे अडतं

नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा : ‘१९४८ च्या कारवाईला आमच्याकडची म्हातारी माणसं आजही पोलीस ॲक्शन म्हणतात, पण आले होते ते रणगाडे. युद्ध संपल्यावर पोलिसांचं काम सैन्याला देता येतं का? शांतता मोहिमांत ते कसं चालतं आणि कुठे फसतं?’

पहिले काही आठवडे, कधी काही महिने, ते द्यावंच लागतं, कारण दुसरं कोणी हजरच नसतं. फसण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. सैनिक माणूस पकडतो, आणि पकडलेल्याला कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कोठडीत, कोणासमोर न्यायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. पुढचं सगळं उत्तर या एका अडचणीभोवती फिरतं.

आधी आपल्याच घरातलं उदाहरण. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालची चिलखती डिव्हिजन सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. ‘पोलीस’ हा शब्द राजकीय होता. हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेपर्यंत गेली होती आणि हे परक्या राष्ट्राशी युद्ध नसून घरातला बंदोबस्त आहे, असं भारताला जगापुढे मांडायचं होतं. नावातलं पोलीसकाम प्रत्यक्षात १८ तारखेपासून सुरू व्हायला हवं होतं. रझाकारांच्या दहशतीत गावंच्या गावं पोळलेली होती, निजामाच्या पोलिसांतले आणि महसुली नोकर काही पळाले होते, काही दारं लावून बसले होते. फौज मुख्य रस्त्यांवर आणि तालुक्याच्या ठिकाणी होती. आतल्या गावात कायद्याच्या नावाने उभं राहायला कोणी नव्हतं. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जी सूडाची लाट गेली, तिची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन होते, दुसरे दोन बीदर आणि गुलबर्गा. काही ठिकाणी गणवेशातली माणसं लुटीत सामील झाल्याचं समितीने लिहिलं, तसंच सैन्याच्या शिस्तीमुळे लोक वाचल्याचंही लिहिलं. हा अहवाल अनेक दशकं बासनात राहिला. मुक्तिसंग्रामाचा मान राखूनही हे पान वाचायला हवं, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. लढाई पाच दिवसांत आटोपली, आणि तिच्या पाठोपाठ बंदोबस्त करणारा माणूस गावात पोचायला उशीर झाला.

अशा उशिराची कारणं जगात सगळीकडे सारखीच सापडतात. सैन्याच्या तुकड्या तयार असतात, विमानात बसवल्या की निघतात. पोलीस तसे राखीव पडून नसतात. प्रत्येक हवालदार कुठल्यातरी ठाण्याच्या हद्दीत रोजच्या कामाला लागलेला असतो, त्याला तिथून काढायचं म्हणजे तिथली जागा रिकामी करायची. कोसोव्होत १९९९ च्या जूनमध्ये नाटोची फौज काही दिवसांत पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांची मंजूर संख्या वाढवून ४,७१८ केली गेली, पण वर्ष उलटलं तरी ती भरली नव्हती. सुरक्षा परिषदेच्या ठराव १२४४ मध्येच लिहिलेलं होतं की नागरी पोलीस कामाला लागेपर्यंत सार्वजनिक सुरक्षेची जबाबदारी फौजेची. असं स्पष्ट लिहिलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

बोस्नियात ते नव्हतं. युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानंतर सुमारे ६० हजारांची फौज उतरली. पोलीस म्हणून जे आले ते निःशस्त्र निरीक्षक होते, त्यांना अटकेचा अधिकार नव्हता. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साराजेवोची सर्बबहुल उपनगरं हस्तांतरित होताना इलिजा आणि ग्रबावित्सात घरं पेटवली गेली, लुटली गेली. राहायची तयारी असलेल्या म्हाताऱ्यांनाही धमकावून काढलं. फौज जवळच होती आणि ‘हे पोलिसांचं काम, आमचं नाही’ या भूमिकेवर होती. ज्यांचं काम होतं त्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. हैतीतही तेच. २० सप्टेंबर १९९४ ला, अमेरिकी फौज उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिथल्या पोलिसांनी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये निदर्शकांना अमेरिकी सैनिकांच्या डोळ्यांदेखत मरेस्तोवर मारलं. मध्ये पडण्याचा आदेश सैनिकांकडे नव्हता. जगभर चित्रं गेल्यावर आदेश बदलले आणि लष्करी पोलीस रस्त्यावर आले. म्हणून मोहिमेचा आदेश वाचताना पहिली शोधायची ओळ ही : एक नागरिक दुसऱ्या नागरिकाला मारत असेल, सैनिकाला स्वतःला धोका नसेल, तर त्याने काय करायचं? ही ओळ नसेल तर सैनिक उभा राहून बघणार, आणि लोक पहिल्या आठवड्यातच ओळखणार की या गणवेशाचा आपल्याला उपयोग नाही.

संख्येचाही अंदाज घ्या. मोठ्या अस्थिरतेत दर हजार लोकांमागे सुमारे २० सुरक्षाकर्मी लागतात, असा एक ढोबळ हिशेब या क्षेत्रात वापरतात. शांत काळात दोन-तीन पोलीस पुरतात. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. दर हजारी २० म्हणजे पावणेचार लाख माणसं. १९४८ मध्ये अख्ख्या हैदराबाद संस्थानात सुमारे १ कोटी ६० लाख लोक होते आणि आत शिरली ती एका चिलखती डिव्हिजनभोवती बांधलेली फौज. आकडा कसाही धरा, तीन लाखांच्या जवळपासही जात नाही. त्यातून रणगाड्याचा चालक, तोफखान्यातला गणक, दळणवळणातला माणूस वजा करा. गावात पायी फिरू शकणारं पायदळ त्यातला एक तुकडाच असतं. म्हणून जुने स्थानिक पोलीस एका फटक्यात घरी बसवू नयेत. इराकमध्ये २३ मे २००३ च्या आदेशाने सैन्यच बरखास्त केलं, आणि लाखो माणसं हत्यार चालवण्याच्या सरावासह बेकार झाली.

आता कायदा. आपल्याकडे सैन्याला मदतीला बोलावण्याची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ ते १५१ मध्ये आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १२९ ते १३२). जमाव पांगत नसेल तर दंडाधिकारी सैन्यातल्या अधिकाऱ्याला सांगतो, जमाव कसा पांगवायचा हे तो अधिकारी ठरवतो, आणि बळ कमीत कमी वापरायचं असं बंधन त्याच्यावर असतं. ही रचना एक गोष्ट गृहीत धरते. तहसीलदार, जो कार्यकारी दंडाधिकारीही असतो, तो जागेवर हजर आहे, आणि पकडलेल्यांना ठाण्यात घेऊन गुन्हा नोंदवणारा फौजदारही आहे. २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करण्याची घटनेची अट त्यामुळेच पाळता येते. युद्धानंतरच्या प्रदेशात नेमकी हीच मंडळी नसतात. तहसील जळालेलं असतं, न्यायाधीश देश सोडून गेलेला असतो, तुरुंगाचं दार आतल्यांनीच उखडलेलं असतं.

मग कायदा कोणता लावायचा? कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने सुरुवातीला २४ मार्च १९९९ पर्यंत चालू असलेलाच कायदा पुढे चालवायचं ठरवलं. तो बेलग्रेडचा, म्हणजे सर्ब राजवटीचा, कायदा आहे म्हणून अल्बेनियन न्यायाधीशांनी तो लावायला नकार दिला. डिसेंबरमध्ये १९८९ च्या मार्चपर्यंतचा जुना कायदा मान्य करावा लागला. तोपर्यंतच्या सहा महिन्यांत पकडलेल्यांचं काय करायचं याचा घोळ चालू राहिला, आणि गंभीर गुन्ह्यांतले संशयितही फौजेच्या ताब्यात नुसत्या कमांडरच्या सहीवर राहिले. पूर्व तिमोरात १९९९ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली तेव्हा हे काम बरंच नीट झालं. इंडोनेशियाचा चालू दंडविधान तात्पुरता मानायचा हे लगेच ठरलं. राजधानी दिली इथे कोठडी उभी केली आणि प्रत्येक अटक तपासायला लष्करातल्या कायदा अधिकाऱ्यांचं वेगळं पथक बसवलं. पुरावा नसेल तर सोडा, असेल तर ठेवा, आणि दोन्हीची नोंद करा. संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन आलं तेव्हा कैदी आणि कागद दोन्ही त्याच्या हाती देता आले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांवरच्या २००० च्या ब्राहिमी अहवालात अशा मोहिमांसाठी तयार तात्पुरती दंडसंहिता असावी का हे तपासायला सांगितलं, ते असल्याच अनुभवांमुळे.

कोठडीचा विचार न करता सैनिकांना चोर पकडायला लावलं की काय होतं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण सोमालियातलं आहे. १९९३ च्या मार्चमध्ये बेलेत वेन इथल्या कॅनडाच्या छावणीत चोरीसाठी शिरणाऱ्या पोरांना धडा शिकवा असं वातावरण तयार झालं होतं. १६ मार्चला पकडलेल्या एका सोमाली मुलाला छळ करून मारण्यात आलं. चौकशी झाली, शिक्षा झाल्या, आणि १९९५ मध्ये ती हवाई रेजिमेंटच मोडीत काढली. याच देशात, याच महिन्यांत, बैदोआत ऑस्ट्रेलियन बटालियनने जुने स्थानिक पोलीस शोधून परत उभे केले, स्थानिक न्यायाधीशाला बसवलं, तुरुंग चालू केला. दोन्हीकडे मुळात पायदळच होतं. बैदोआत पकडलेला माणूस पुढे जाण्याची वाट होती.

ती वाट सैनिकाच्या हातातल्या एका कागदापासून सुरू होते. आपल्याकडे पंचनामा म्हणतात तेच, पण एका पानाचा, सैनिकाला उभ्या उभ्या भरता येईल असा. त्यात तारीख आणि वेळ, जागा (नकाशावरच्या आकड्यांसह), पकडलेल्याचं नाव आणि बापाचं नाव, पकडणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी नेमकं काय पाहिलं, काय जप्त केलं, आणि दोन साक्षीदार कुठे राहतात हे हवं. मुद्देमाल पिशवीत, पिशवीला सील, सीलवर तोच क्रमांक. माणूस आणि मुद्देमाल यांचा एकत्र फोटो. अंगावरच्या जखमांची नोंद ताब्यात घेतानाच डॉक्टरकडून करायची, म्हणजे नंतर कोठडीत मारलं की आधीच जखमी होता, हा वाद उरत नाही. प्रत्येक हातबदलाला पोचपावती. चुकतं ते ‘काय पाहिलं’ या रकान्यात. सैनिक तिथे ‘संशयास्पद हालचाल’ लिहून मोकळा होतो. दोन महिन्यांनी न्यायाधीश विचारतो, कसली हालचाल? तोपर्यंत तो सैनिक सहा महिन्यांची पाळी संपवून मायदेशी गेलेला असतो, साक्षीला कोणी उरत नाही आणि आरोपी सुटतो. म्हणून तुकडी बदलायच्या आधी तिच्या सर्व साक्षींचे जबाब दुभाष्यासह लिहून, शक्य तर ध्वनिमुद्रित करून ठेवावे लागतात. दुभाषी कोणत्या समाजाचा आहे हेही बघा. दोन गटांच्या भांडणात एकाच गटाचा दुभाषी असला की अर्धी फिर्याद वाटेतच बदलते.

जमावाचं काम वेगळं. जालन्याची किंवा हिंगोलीची एसआरपी बंदोबस्ताला आलेली बघा. पुढे ढाली आणि हेल्मेटं, मागे लाठ्या, त्यामागे अश्रुधूर, पकडायचं पथक वेगळं, बंदूकवाले सगळ्यात मागे आणि नावाने दिलेल्या हुकमाशिवाय खांद्याला न लावणारे. शांतता मोहिमांत हीच जागा ‘फॉर्म्ड पोलीस युनिट’ भरतं. सुमारे १४० जणांची ही तुकडी स्वतःची वाहनं, स्वयंपाक, दवाखाना घेऊन येते. भारताने २००७ मध्ये लायबेरियात पाठवलेलं सीआरपीएफचं महिला युनिट याच प्रकारचं होतं. इटलीच्या काराबिनिएरींचं (लष्करी धाटणीच्या पोलिसांचं) बहुराष्ट्रीय पथक १९९८ मध्ये बोस्नियात उतरवलं ते हीच पोकळी भरायला.

साध्या पायदळाकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे आरडाओरड आणि रायफल यांच्या मधली पायरीच नसते. फल्लुजात २८ एप्रिल २००३ ला अमेरिकी हवाई पायदळाने एका शाळेत मुक्काम ठोकला होता. शाळा रिकामी करा म्हणत जमाव आला आणि सैनिकांनी गोळीबार केला. मानवाधिकार निरीक्षकांनी १७ मृत्यू नोंदवले. आपल्यावर आधी गोळ्या आल्या असं सैनिकांचं म्हणणं, लोकांचं म्हणणं उलट. खरं काहीही असो, सैनिकांकडे ढाल, लाठी, भोंगा, भाषा येणारा माणूस असता तर त्यांच्या हातात दुसरा पर्याय होता. शाळेत मुक्काम ठोकणं हीसुद्धा चूकच होती. जागा निवडताना ती लोकांच्या रोजच्या कामाची आहे का, हे आधी विचारायला हवं.

उलट टोकाचं अपयश कोसोव्होत २००४ च्या मार्चमध्ये दिसलं. १७ आणि १८ तारखेच्या दंगलीत १९ माणसं मेली, नऊशेच्या वर जखमी झाली, सर्बांची घरं आणि चर्चं जळाली. प्रिझ्रेनमध्ये जर्मन तुकडीकडे अश्रुधूर नव्हता आणि मालमत्ता वाचवायला बळ वापरायची मुभा तिच्या नियमांत नव्हती. प्रत्येक देश आपल्या सैन्याला अशा अटी घालून पाठवतो. कमांडरला त्या दंगलीच्या दिवशी कळल्या तर उपयोग नाही. अश्रुधुराचा कायदाही नाजूक आहे. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने तो युद्धाचं साधन म्हणून निषिद्ध आहे, कायदा-सुव्यवस्थेसाठी चालतो. एकाच सैनिकाच्या हातातलं नळकांडं तो कोणत्या भूमिकेत उभा आहे यावर वैध किंवा अवैध ठरतं. जर्मनीने त्या दंगलीनंतर आपला कायदा बदलून घेतला.

जमावापुढे उभं राहताना दोन गोष्टी सरावात घोटून घ्याव्या लागतात. जमावाला निघायला एक रस्ता कायम मोकळा ठेवायचा. चारी बाजूंनी कोंडलेला माणूस पळू शकत नाही म्हणून चालून येतो. आणि इशारा स्थानिक भाषेत, भोंग्यावरून, पुन्हा पुन्हा, वेळ नोंदवून द्यायचा. पोलीस आणि सैनिक एकत्र असतील तर शब्द आधी जुळवून घ्या. १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीत एका घराजवळ पोलिसाने मरीन सैनिकांना ‘कव्हर’ द्यायला सांगितलं. पोलिसाच्या भाषेत त्याचा अर्थ बंदूक रोखून लक्ष ठेवा. मरीनच्या भाषेत त्याचा अर्थ गोळ्यांचा वर्षाव करा. त्यांनी दोनशेच्या वर गोळ्या झाडल्या. घरात माणसं होती, कोणी मेलं नाही हे नशीब.

नाकाबंदीत माणसं मरतात ती बहुधा रात्री, आणि बहुधा निरपराध. घाबरलेला चालक वेग वाढवतो, सैनिकाला वाटतं गाडीत बॉम्ब आहे. उपाय साधे आहेत, पण आळस होतो. सूचनाफलक पुरेसा आधी, स्थानिक लिपीत आणि उजेडात हवा. मग ड्रम किंवा दगड असे मांडायचे की गाडीला नागमोडी वळत हळू यावंच लागेल. झडतीच्या जागी एका वेळी एकच गाडी, बाकीच्या अंतर राखून. झडती घेणारे वेगळे, त्यांच्यावर नजर ठेवणारे वेगळे, आणि पुढे रस्ता अडवू शकणारं एक वाहन. बायकांची झडती बाईनेच. बाई नसेल तर झडती घ्यायचीच नाही. थांबायची खूण हाताने करत असाल तर ती त्या मुलखात काय अर्थ देते हे आधी विचारा.

आणि माहिती. मराठवाड्यातल्या ठाणेदाराला गावात काय शिजतंय हे पोलीस पाटलाकडून, बीट अंमलदाराकडून, पारावरच्या चहातून कळतं. चिलखती गाडीच्या झरोक्यातून ते दिसत नाही. गस्त पायी हवी, सहा-आठ जणांची, सोबत एक दुभाषी आणि शक्य तितक्या लवकर एक स्थानिक पोलीस. महिनोन्महिने तीच छोटी तुकडी त्याच मोहल्ल्यात. वेळ मात्र रोज बदलती. श्रीलंकेतल्या जाफन्यात १९८७ नंतर भारतीय शांतिसेनेच्या जोडीला सीआरपीएफ आणावी लागली ती याच गरजेतून. पण जिथल्या लोकांशी लढाई चालू आहे तिथेच दुपारी गस्तीला जाऊन माहिती मागायची, हा विरोधाभास कोणत्याही गणवेशाने सुटत नाही. लढाई खरंच थांबली आहे का, हे पोलीसकाम हाती घेण्यापूर्वी स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवं.

शेवटी काम परत देणं. नवे पोलीस कोणातून भरायचे याचं एक स्पष्ट सूत्र एल साल्वादोरने यादवी संपवणाऱ्या १९९२ च्या करारानंतर वापरलं : २० टक्के जुन्या राष्ट्रीय पोलिसांतून, २० टक्के माजी बंडखोरांतून, उरलेले ६० टक्के कुठल्याच बाजूने न लढलेले. पूर्व तिमोरात पोलीस आणि सैन्य यांच्यातली तेढ न मिटवता घाई झाली. २००६ च्या मे महिन्यात सैनिकांनी पोलिसांवरच गोळ्या झाडल्या आणि दिलीतलं पोलीस दल कोलमडलं. संयुक्त राष्ट्रांचे पोलीस परत आले. दुसऱ्या वेळेला मात्र तारखेवर बोट न ठेवता जिल्ह्यागणिक तपासणी केली : ठाण्यात गाड्या आणि वायरलेस चालू आहेत का, अधिकाऱ्यांची चारित्र्य-पडताळणी झाली का, फिर्यादींची नोंद होते का. १४ मे २००९ ला पूर्वेकडच्या लौतेम जिल्ह्याचं काम स्थानिक पोलिसांना दिलं. तेरा जिल्हे आणि मुख्यालयाचे विभाग पूर्ण व्हायला २०११ चा मार्च उजाडला.